तीन हायग्रोमीटर, तीन आकडे. खरं कोण बोलतंय?

कपाटातला_किडा

नमस्कार मंडळी,

पुस्तकांच्या कपाटाला गेले दोन महिने कुबट वास येतोय. खालच्या कप्प्यातल्या काही पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर पांढरट बुरशीही दिसली. "आधी आर्द्रता मोज, मग उपाय शोध" असा सल्ला मिळाला म्हणून एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर आणला. तो म्हणाला ५८%. विश्वास बसेना, म्हणून दुसरा आणला. तो म्हणाला ६४. घरात आधीपासून एक काट्याचा होता, तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता अशा तीन तबकड्यांचा. तो ७६ वर बसलेला. शेवटी तिघांनाही रात्रभर एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. सकाळी ५७, ६३ आणि ७६!

माझे प्रश्न:
१. खरं कोण बोलतंय?
२. ६०च्या आसपास आर्द्रता असेल तर बुरशी येत नाही असं वाचलं होतं. मग ही आली कुठून?
३. या उपकरणांचा घरात खरंच उपयोग आहे, की नुसता आकडा बघून हळहळायचं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. (प्रकाशाने बुरशी जाते म्हणतात, म्हणून दोन्ही अर्थांनी.)

टवाळ

तिघांची सरासरी काढा आणि कृपा करून चौथा आणू नका.

खटपट्या

किडेराव, पहिल्या दोघांत भांडण नाहीच मुळी. डब्यावरचं बारीक अक्षर वाचा, अचूकता ±५% लिहिलेली असेल. खरी आर्द्रता ६० धरली तर ५७ही मर्यादेत आणि ६३ही मर्यादेत. लोकांना वाटतं डिजिटल म्हणजे शेवटच्या अंकापर्यंत खरं. पडदा अंक दाखवतो, खात्री देत नाही.

आत काय असतं ते थोडक्यात. बहुतेक डिजिटल यंत्रांत दोन विद्युतअग्रांच्या मध्ये पॉलिमरचा पातळ थर असतो. हवेतली वाफ त्यात शिरली की त्याची धारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलते, तेवढाच बदल चिप मोजते. या थराला धूळ, तेलकट वाफ, रंगाचा किंवा पॉलिशचा वास लागला की त्याचा आकडा हळूहळू खऱ्यापासून वाहवत जातो. घरात रंगकाम काढलं असेल तर आधी हायग्रोमीटर दुसऱ्या खोलीत हलवावा.

काट्याच्या स्वस्त उपकरणात बहुधा धातूच्या पट्टीची गुंडाळी असते. पट्टीच्या एका अंगाला ओल शोषणारा थर. तो फुगला की गुंडाळी वळते आणि काटा सरकतो. दुकानातून निघतानाच ती १० टक्क्यांनी चुकलेली असू शकते. पण मागे बघा, काटा फिरवायचा स्क्रू असेल.

आता मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. हे झाकण आणि तिन्ही हायग्रोमीटर एका हवाबंद डब्यात ठेवा. मीठ उपकरणाला लागू द्यायचं नाही. बारा तास डबा उघडायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, दर तासाला झाकण किलकिलं करून तर बघायचंच नाही. संपृक्त मिठाच्या द्रावणावरची हवा २५ अंशांला ७५.३% वर येऊन थांबते, आणि घरातल्या तापमानात हा आकडा जवळजवळ हलत नाही. मग कोण किती चुकतंय ते लिहून ठेवा.

गोंधळलेली

मी ही मिठाची परीक्षा केली होती. ८८ आले! मग हायग्रोमीटरच फेकून दिला. :(

खटपट्या

@गोंधळलेली, पाणी जास्त झालं का? तळाशी न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे. सगळं विरघळलं तर द्रावण संपृक्त राहत नाही आणि आकडा ७५च्या वर सरकतो. शुद्ध पाण्यावर तो १००ला जाईल.

गोंधळलेली

अख्खी वाटी भरून पाणी होतं. बिचारा हायग्रोमीटर.

टवाळ

दोन मिनिटे शांतता पाळूया.

माजी_मास्तर

नवीन उपकरणांचं चालू द्या, पण ज्यात वाहवत जायला फारसं काही नाही अशा जुन्या जोडीची आठवण करून देतो. दोन सारखे तापमापक. एकाच्या फुग्यावर ओली मलमलीची वात, दुसरा कोरडा. ओल्यावरून पाणी उडतं तसा त्याचा पारा उतरतो. हवा जितकी कोरडी तितका फरक मोठा. हवा संपृक्त असेल तर फरक शून्य.

उदाहरण घ्या. कोरडा ३० अंश, ओला २५ अंश. २५ अंशांला संपृक्त बाष्पदाब (हवेत जास्तीत जास्त मावणाऱ्या वाफेचा दाब) ३१.७ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक). त्यातून ०.०००६६२ (ठरलेला स्थिरांक) × १०१३ (हवेचा दाब) × ५ (दोन तापमापकांतला फरक) म्हणजे ३.४ वजा करा, राहिले २८.३. तिसाला संपृक्त दाब ४२.४. भागाकार ६७%. वर्गात हे फळ्यावर करायचो तेव्हा निम्मा वर्ग झोपायचा. मग मी दोन्ही तापमापक बसवलेली चौकट खुळखुळ्यासारखी गरागरा फिरवून दाखवायचो, तेव्हा पहिला बाक हमखास जागा व्हायचा.

फिरवायचं कारण असं की ओल्या फुग्यावरून वारा सेकंदाला निदान तीन मीटरने गेला पाहिजे. स्थिर हवेत फुग्याभोवती ओलसर हवेचं वेटोळं साचतं आणि आर्द्रता असते त्याहून जास्त दिसते. वात मळकी असेल किंवा पाणी क्षाराचं असेल तरी तीच चूक. पाणी ऊर्ध्वपातित हवं. १९व्या शतकाच्या शेवटी जर्मनीत रिचर्ड आस्मान यांनी याच जोडीला पंखा बसवला आणि हात दुखायचं थांबलं.

कुरळी

मला कुठल्याच यंत्राची गरज नाही. सकाळी आरशात बघते. केस पिंजारलेले असले की हवा दमट.

माजी_मास्तर

@कुरळी, चेष्टा नाही, तुमचं यंत्र शास्त्रशुद्ध आहे. जिनिव्हाचे ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७८३ साली केसाच्या आर्द्रतामापकावर सविस्तर लिहिलं. तेल काढून टाकलेला माणसाचा केस पूर्ण कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत साधारण दोन-अडीच टक्के लांबतो. एवढंसं लांबणं तरफेने वाढवून काट्याला दिलं की झालं. पुढे विसाव्या शतकातही हवामान केंद्रांवर फिरत्या कागदावर रेघ ओढणाऱ्या यंत्रांत केसांचीच जुडी असायची.

कुरळी

म्हणजे मी गेली तीस वर्षं हवामान केंद्र डोक्यावर घेऊन फिरतेय!

रानवाटा

केसाच्याही आधीचं सांगतो. रानटी ओटच्या दाण्याला लांब कुसळ असतं. ते ओलं झालं की पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा पीळ घेतं. दाणा त्या वळवळीने स्वतःला मातीत रुतवून घेतो. रॉबर्ट हूकने १६६५च्या सुमारास त्याच कुसळाला काटा चिकटवून हायग्रोमीटर केला होता. पाइनचं सुकं बोंडसुद्धा तसंच, कोरड्या हवेत खवले उघडतं, दमट हवेत मिटून घेतं. टेबलावर ठेवायला बॅटरी लागत नाही.

नाकसाहेब

एवढा खटाटोप कशाला? कुबट वास आला म्हणजे ओल आहे. नाक फुकट मिळालंय. काडेपेटी सादळली, दार चौकटीत अडकायला लागलं की घर आपणच सांगतं. आकडे हे हल्लीचं खूळ आहे.

भिंगवेडा

@नाकसाहेब, असहमत. नाकाला कळतं तेव्हा बुरशी येऊन गेलेली असते. माझ्या कॅमेऱ्याच्या दोन भिंगांत जाळं पडलं, वास शून्य. भिंगावरच्या लेपात बुरशी रुतली की पुसून जात नाही. आता भिंगं बंद पेटीत ४० ते ५० टक्क्यांवर ठेवतो आणि पेटीत चिमुकला हायग्रोमीटर कायमचा आहे. त्याचा आकडा अचूक नसला तरी चालतं. काल ४५ होता, आज ५५ झाला, एवढं कळलं की सिलिका जेल बदलायची वेळ झाली समजतो.

गोंधळलेली

मग किडेरावांनी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर?

भिंगवेडा

पेटी हवाबंद असेल तरच. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी धरते, मग दमते. फटी असलेल्या कपाटात ती अख्ख्या खोलीची हवा वाळवायला बसेल आणि लवकरच हात टेकेल. रंग बदलणारे दाणे घेणार असाल तर निळे-गुलाबी टाळा, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला चांगलं नाही. नारिंगी दाणे मिळतात, ते भिजले की हिरवे होतात.

पिल्लूप्रेमी

आमच्याकडे आर्द्रतामापक म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न. अंडी उबवायच्या यंत्रात कोंबडीच्या अंड्यांना पहिले अठरा दिवस ५० ते ५५% आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०% ठेवतो. सुरुवातीला हवा फार दमट राहिली तर अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही, आतली हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू कवच फोडायच्या आधीच गुदमरतं. शेवटी हवा कोरडी पडली तर आतलं पातळ आवरण चिवट होऊन पिल्लू त्यात अडकतं.

पहिल्या खेपेला हायग्रोमीटर १२ टक्के कमी दाखवत होता. मी बापडी त्याच्यावर विसंबून पाणी ओतत राहिले. निम्मी अंडी गेली. तेव्हापासून मिठाची परीक्षा झाल्याशिवाय यंत्र लावत नाही, आणि शिवाय अंडी तोलते. अठरा दिवसांत वजन ११ ते १३ टक्क्यांनी उतरायला हवं. अंडं खोटं बोलत नाही.

माजी_मास्तर

वा! तोलणं हा तर आर्द्रता मोजायचा सगळ्यात जुना मार्ग. पंधराव्या शतकात निकोलस ऑफ क्यूसा यांनी तराजूच्या एका पारड्यात लोकर आणि दुसऱ्यात दगड ठेवायची कल्पना मांडली होती. हवा दमटली की लोकर जड.

टवाळ

दमट हवेत माझंही वजन वाढतं. डॉक्टर मानत नाहीत.

गणिती_गाढव

सगळे उपकरणात अडकलेत, किडेरावांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघेना. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत किती पाणी आहे ते नव्हे. त्या तापमानाला जास्तीत जास्त जितकी वाफ मावते, त्यातली किती टक्के आहे, ते. तापमान बदललं की पाण्याचा एक थेंबही न वाढता आकडा बदलतो.

समजा खोली २४ अंशांवर आणि आर्द्रता ६०%. २४ला संपृक्त बाष्पदाब २९.८, त्याचे साठ टक्के १७.९ हेक्टोपास्कल. आता कपाटामागची भिंत बाहेरच्या बाजूची आहे आणि १७ अंशांवर आहे असं धरा. १७ला संपृक्त दाब १९.४. भिंतीलगत आर्द्रता झाली १७.९ भागिले १९.४, म्हणजे ९२%. बुरशीला भिजलेली भिंत लागत नाही. कागदावर, पुठ्ठ्यावर ७०-७५ टक्के बरेच दिवस टिकले की तिचं भागतं. म्हणजे टेबलावरचा हायग्रोमीटर शहाण्यासारखा ६० म्हणत असताना चार हातांवर बुरशीची जत्रा भरलेली असू शकते.

किडेराव, कपाट कुठल्या भिंतीला आहे? आणि किती चिकटवून?

कपाटातला_किडा

बाहेरच्या. अगदी चिकटवून. :|

नाकसाहेब

मग खिडक्या उघडा. मी हेच सांगत होतो.

गणिती_गाढव

@नाकसाहेब, थांबा. कधी उघडायच्या हे आकड्याशिवाय कळणार नाही. बाहेर १० अंश आणि धुकं, म्हणजे १००% आर्द्रता. तरी ती हवा आत येऊन २२ अंशांवर तापली की ४६% होते, म्हणजे बिनधास्त उघडा. उलट बाहेर ३२ अंश आणि ७०% असेल तेव्हा तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते, २५च्या वर असतो. ती हवा २४ अंशांच्या गार तळघरात घेतली तर भिंतींना अक्षरशः घाम फुटतो. पहिल्या वेळी बाहेरचा टक्का आतल्यापेक्षा जास्त असून फायदा, दुसऱ्या वेळी टक्का कमी दिसूनही नुकसान. म्हणून टक्के नाही, दवबिंदू ताडून बघायचे. बरीच यंत्रं तो थेट दाखवतात, बटण शोधा.

नाकसाहेब

बरं. नाक दवबिंदू सांगत नाही हे मान्य. बाकी मतावर ठाम.

तारतंत्री

मी मायक्रोकंट्रोलरला सेन्सर जोडून दर पाच मिनिटांनी नोंद ठेवतो. दोन अनुभव सांगतो.

पहिला फजितीचा. सेन्सर आणि वायफायची चिप एकाच डबीत कोंबली. चिप तापली, सेन्सरला हवा दोन अंश गरम वाटली आणि आर्द्रता सहा-सात टक्के कमी. पंधरवडाभर मी घर कोरडं असल्याच्या आनंदात होतो. अशा आर्द्रतेला एका अंशाची चूक म्हणजे साधारण तीन-चार टक्क्यांची चूक, हे तेव्हा कळलं. सेन्सर डबीबाहेर वायरवर लोंबकळत ठेवा. आणि डीएचटी ११ हा सेन्सर घेऊन अचूकतेची अपेक्षा करू नका, त्याचे ±५ त्याच्या माहितीपत्रकातच कबूल केलेत. एसएचटी ३१ ±२ देतो.

दुसरा अनुभव कामाचा. एका क्षणाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही, आलेख बघायचा. माझ्या आलेखात दर दोन दिवसांनी संध्याकाळी डोंगर यायचा आणि पहाटेपर्यंत उतरायचा नाही. मी भिंतीतल्या नळाच्या गळतीवर संशय घेतला, प्लंबर बोलावला. निघाली कपड्यांची घडवंची! धुतलेले कपडे ओले आणि सुके तोलून बघितले, १.८ किलोचा फरक. म्हणजे पावणेदोन लिटरहून जास्त पाणी मी हौसेने बेडरूममध्ये फवारत होतो.

सुतारपक्षी

एक गोष्ट मिसळू नका. हवेची आर्द्रता वेगळी, लाकडातला ओलावा वेगळा. लाकडाला दोन सुया टोचून मोजायचा मीटर विजेला होणारा रोध मोजतो आणि लाकडात किती टक्के पाणी ते सांगतो. २० अंश आणि ६५% हवेत महिनोन्महिने ठेवलेलं लाकूड साधारण १२% ओलाव्यावर स्थिरावतं. ६५ आणि १२, दोन्ही बरोबर, दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं. तोच सुयांचा मीटर गिलाव्यावर टोचून "भिंत भिजली" म्हणणारे भेटतात. गिलाव्यात क्षार असले तर सुकी भिंतसुद्धा ओली दिसते.

व्हायोलिनवाली

सगळे दमटपणाला घाबरलेत, कोरडेपणाचंही बोला कोणीतरी. हवा ३०च्या खाली गेली आणि माझ्या व्हायोलिनच्या पाटीला चीर पडली. आता पेटीत ४५ ते ५५ राखते. विमानात हवा १०-२० टक्क्यांपर्यंत कोरडी असते, तेव्हा प्रवासात पेटीतली ओलाव्याची नळी विसरत नाही.

खटपट्या

धागा लोकरीच्या तराजूपासून विमानापर्यंत जाऊन आला. किडेराव, मिठाचं काय झालं?

कपाटातला_किडा

सर्वांचे आभार. परीक्षा झाली, सोळा तास डबा उघडला नाही (रात्री एकदा हात शिवशिवले होते). निकाल: पहिला ७२, दुसरा ७८, काट्याचा ८८. म्हणजे पहिल्यात ३ मिळवायचे, दुसऱ्यातून ३ वजा, काट्यातून १३. त्या सकाळचे ५७, ६३, ७६ दुरुस्त केले तर ६०, ६० आणि ६३. तिघेही एकच सांगत होते, आपापल्या बोलीत.

मग पहिला खालच्या कप्प्यात, पुस्तकांच्या मागे, भिंतीच्या बाजूला ठेवला. खोली २४ अंश. तिथे तीन तासांनी तापमान २०.१ आणि आर्द्रता, दुरुस्ती धरून, ७६%. गणिती_गाढव यांचा हिशोब मांडून बघितला, १७.९ भागिले २३.५, बरोब्बर ७६. घरच्यांना दाखवला. कोणाला काही वाटलं नाही, मला फार बरं वाटलं.

कपाट भिंतीपासून दीड वीत पुढे ओढलं, मागच्या फळीला वर-खाली भोकं पाडली, खालची पुस्तकं आधी वाळवून, बुरशी घराबाहेर तोंडाला मास्क लावून ब्रशने झटकली. आठ दिवसांनी त्याच जागी ६६ आहे. वास कमी झालाय, गेलेला नाही.

टवाळ

एक मिनिट. कपाटामागे ७६? काट्याचा म्हातारा पहिल्या दिवसापासून ७६च सांगत होता की! तुम्ही त्याला खोटा ठरवलात.

कपाटातला_किडा

मागचा स्क्रू फिरवून त्याला १३ने खाली आणलाय. आता टेबलावर ६१ म्हणतो. थोडा रुसलाय बहुतेक, टिचकी मारल्याशिवाय काटा हलत नाही.

पिल्लूप्रेमी

महिन्याने पुन्हा मिठात घाला त्याला. आणि वास राहिलाय म्हणताय, तर सगळ्यात खालच्या फळीची खालची बाजू बघितलीत का?

कपाटातला_किडा

नाही. बॅटरी घेऊन जातो.